हिरवी वायर

जेल रोडला थंडी पडली म्हणजे काय,
तर सकाळी मंदाची बोटं मिटत नाहीत.
निफाडहून तिच्या भावाचा फोन: पाच अंश,
बागेत रात्रभर धूर केला.
द्राक्षांच्या मण्यांसाठी ओळीओळीने शेकोट्या,
आणि बहिणीसाठी?
म्हणून मी हीटर आणला, भिंतीवरचा, दोन हजार वॅटचा.
म्हणालो, मीच लावतो, त्यात काय एवढं.

मंदा म्हणाली, घराचं वायरिंगही तुम्हीच केलं होतंत.
आणि मुलीला फोन लावला, कुणी वायरमन आहे का ओळखीचा.

आली तेजल निरभवणे, सातपूरच्या आयटीआयची,
पाठीला सॅक, पायांत रबरी तळव्याचे बूट.
चहा नंतर, म्हणाली.
टेस्टर आधी चालू प्लगात घालून पाहिला, खरं बोलतो का,
मग मेन पाडला,
आणि पुन्हा त्याच प्लगात टेस्टर.

मी दाखवलेल्या जागेला ती हसली नाही.
"काका, हा प्लग पंख्याचा, मोबाइलचा.
हीटर नऊ अँपिअर मागतो, आणि तासन्‌तास मागतो.
ही वायर भिंतीच्या आत तापत राहील,
तुम्हाला वास येईपर्यंत कळायचं नाही."
बोर्डापासून वेगळी लाइन ओढली, जाड, चार एमएमची,
तिला स्वतःचा एमसीबी, सोळाचा.
पडद्यापासून लांब भोकं पाडली.
प्रत्येक स्क्रू आवळून झाल्यावर वायर ओढून पाहिली,
दूधवाल्याने म्हशीचा दोर ओढून पाहावा तशी.

मग म्हणाली, अर्थिंग कुठून घेतलंय?
आणि जुना बोर्ड उघडला.

आत हिरवी वायर होती.
नीट गुंडाळी केलेली, टोकाला काळी टेप,
कुठेही न गेलेली.

टेप माझी होती.
सत्त्याण्णव साल, प्रेसमधला ओव्हरटाइम थांबलेला,
खड्डा, तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ,
एवढे पैसे जमिनीत कोण पुरणार?
पुढच्या महिन्यात करू, असं ठरवून झाकण लावलं.
तो पुढचा महिना दर महिन्याला येत राहिला.

आणि मंदा सांगायची, फ्रिज चावतो हो.
ओल्या हाताने दार धरलं की कोपरापर्यंत मुंग्या.
मी म्हणायचो, स्लिपर घाल.
पाहुण्यांना सांगायचो, हिला फ्रिजसुद्धा चावतो!
पाहुणे हसायचे.
तीही हसायची, जरा उशिरा.
निळ्या स्लिपरचे किती जोड झिजले त्या फ्रिजसमोर.

तेजलने होल्डरमध्ये बल्ब घातला,
एक टोक फेजला, एक हिरवीला,
आणि मला मेन चालू करायला सांगितलं.
बल्ब लागला नाही.
"करंटला जायला वाट नाही, काका.
मग तो काकूंच्या अंगातून जायचा."
एवढंच. आवाजही चढवला नाही.
मंदा तेव्हा मेथी निवडत होती, मान खाली.

खड्डा दोन दिवस चालला.
शेजारचा गोरख खणायला होता, पण पहिली कुदळ मी मारली,
शेवटची माती मीच लोटली.
"उन्हाळ्यात पाणी घालत जा," तेजल म्हणाली,
"कोरड्या मातीला काही पोचत नाही."
पहिली बादली मंदाने ओतली.
मी हात पुढे केला. नको म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा तोच बल्ब, फेज आणि हिरवी.
लख्ख लागला.
मग गळती पकडायचा नवा स्विच बसवून तिने त्याचं बटण दाबलं,
खट्, सगळं घर अंधारात.
"असंच पडलं पाहिजे," अंधारातून ती म्हणाली,
"दर महिन्याला दाबून बघायचं."
दर महिन्याला. मी मान हलवली, ती कुणाला दिसली नाही.

रात्री हीटर लागला, भिंत केशरी झाली,
मंदाची बोटं हळूहळू मिटली, उघडली, मिटली.
मग ती उठली. स्लिपर तिथेच राहिल्या.
गार फरशीवर अनवाणी, फ्रिजच्या दाराला हात लावून
उगाचच उभी राहिली.
"चावत नाहीस आता," म्हणाली.
फ्रिजला म्हणाली.
मी तिच्या मागेच उभा होतो.