मैदानांची वही

बर्फाच्या कारखान्याची जुनी आवक-जावक वही.
मागच्या कोऱ्या पानांवर मी मैदानं लिहितो.
गाव, तारीख, माती, उजेड, वारा, वडा,
आणि शेवटी दहापैकी गुण.
एकोणीस हिवाळे, एकशे बारा मैदानं,
रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत.
बायको म्हणते, एवढ्या फेऱ्यांत लोक काशी करून येतात.
मी म्हणतो, काशीला कबड्डी कुठाय.

कोर्लईचं मैदान उतरतं.
चेंडूचा खेळ असता तर कधीच उघडं पडलं असतं.
समुद्राकडचा संघ दुसऱ्या डावात धापा टाकतो,
त्यांची चढाई खरोखरची चढण होते.
पंचांना सांगितलं, ते हसले.
सहा.

नांदगावात कापणी झालेल्या खाचरात आखतात,
रोलर फिरवूनही भाताचे खुंट टोचतात.
पण बांबूच्या गॅलरीत बायकांची एक अख्खी रांग,
आणि रांगेच्या टोकाला यमुना ठाकूर,
जिच्या तोंडाला पंचाची शिट्टीही बिचकते.
आठ. त्यातले तीन यमुनाबाईंचे.

बोर्लीकर माती चाळतात
घावनांचं पीठ चाळावं तशी.
दिवे मात्र आजारी, पिवळे.
साडेसात.

दिघीला खाडीचा वारा.
फक्की उडते, रेषा पुसतात,
'कबड्डी कबड्डी' पलीकडच्या बंदरात ऐकू येत असेल,
इथे कुणालाच नाही.
दम सुटला की टिकला, यावर भांडण ठरलेलं.
पाच. भांडण चांगलं झालं तर सहा.

गुण मी लिहितो, पण तपासून देतो लतीफ उलडे.
एकेकाळचा उजवा कोपरा,
त्याने घोटा धरला की खेकड्याची नांगी.
सात वर्षांपूर्वी साखरेने डोळे नेले.
सामन्याआधी मी त्याला मध्यरेषेपर्यंत नेतो.
तो चिमूटभर माती उचलतो, चोळतो,
जिभेच्या शेंड्याला लावतो.
"मीठ धरलंय. आज पकडी सुटणार."
सुटतात.
मग रात्रभर मी त्याच्या कानात बोलत राहतो,
कोण गेला, कुठून गेला, कुणी धरला.
घरी येईतो माझा घसा बसलेला असतो.

यंदा अलिबागेत, पत्र्याच्या मोठ्या शेडखाली, मॅट.
खुर्च्यांना नंबर. पोरांच्या पायात बूट.
मी एसटीतच तीन लिहून ठेवले होते.

लतीफ वाकला. चिमूट मिटली, रिकामीच वर आली.
मग त्याने अख्खा तळहात टेकवला
आणि तसाच राहिला.
वाटलं, आता शिवी घालेल.
त्याने लेंगा गुडघ्यावर घेतला,
श्रीवर्धनच्या खडीने सोललेलं जुनं ढोपर
अंगठ्याने चाचपलं.
"बेस हाय," म्हणाला,
"पोरांची कातडी पोरांकडं ऱ्हाईल."

मी रागावून गप्प बसलो.
पहिल्या चढाईला काही सांगितलं नाही. दुसऱ्यालाही.
तिसऱ्याला तोच म्हणाला,
"डावीकडनं आला. घाबरलाय.
बोनसला पाय टाकतोय बघ... टाकला!"
टाकला होता.

मातीत अनवाणी पाय बोलत नाहीत.
इथे प्रत्येक बूट चिरकत होता,
आणि सात वर्षांनी
लतीफ सामना बघत होता.
मी नुसता डोळे असलेला,
त्याच्यामागून अर्धा क्षण उशिरा.
"कोपरा झोपलाय," तो ओरडला, "उठव त्याला!"
पुढच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघायला लागला.

परतीच्या गाडीत, चौलच्या वळणावर, त्याने विचारलं,
"किती दिलेस?"
तिनावर रेघ मारलेली त्याला दिसणार नव्हती.
"साडेआठ."
"दीड कशाचा कापलास?"
"वडा गार होता."
तो बराच वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसला.
मग म्हणाला, "आणखी अर्धा काप.
मिरची पण नव्हती."