मायनस बावीस

होडी आम्ही हर्णैहून आणली, टेम्पोत घालून.
घाट चढताना ती मागे कलली
तेव्हा सिद्राम तिच्या नाळेला हात लावून म्हणाला,
थांब की बाई, सोलापूर लांब आहे अजून.

चौघांची वर्गणी. रोख पस्तीस हजार
आणि दोन डझन टॉवेल, नरसय्याच्या मागावरचे.
कुशीवर नाव होतं दर्याराणी, द उडालेला.
आम्ही 'र्याराणी'च म्हणत राहिलो,
जीभ अडखळते तिथं हसत.

तीन वर्षं गोड्या पाण्यात आहे,
तरी फळ्यांच्या सांध्यांतून बोंबलाचा वास जात नाही.
ऊन चढलं की लाकूड
पांढरं काहीतरी बाहेर टाकतं,
भर दुपारी सदऱ्याच्या पाठीवर उमटतं तसं.

मे संपत आलाय. पेपरात रोज उजनीचा आकडा:
मायनस अठरा, मायनस वीस, आज मायनस बावीस.
शून्याखालीही पाणी असतं
आणि त्यातही मासे असतात.
'माझ्या धंद्यासारखं,' नरसय्या म्हणाला.
सोळा मागांतले अकरा भंगारात गेले,
उरलेले पाच सोमवारी जातील,
मंगळवारी तो सुरतेला, मेहुण्याकडे.

करमाळ्याच्या बाजूला काठ अर्धा मैल मागे सरकलाय.
भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा, एक चप्पल,
कुणाच्या तरी विहिरीचं काठोडं उघडं पडलेलं.
चौघांनी होडी ओढली. कुणी बोललं नाही.
ओढताना नरसय्या दोनदा बसला.

आत गेल्यावर वारा नव्हता.
रोहित पक्षी होते अजून थोडे, एका पायावर,
जणू दुसरा पाय आधीच कुठं पाठवून दिलाय.
मुनाफनं कणकेच्या गोळ्या गळाला लावल्या.
जाळं नरसय्याचं: जिथं जिथं फाटलं होतं
तिथं टॉवेलचा दोरा, गुलाबी, पोपटी,
अशी गाठ की बोटाला लागत नाही.

अकरापर्यंत चिलापी, फक्त चिलापी.
थर्मोकोलच्या तराफ्यावरून एक भोई म्हातारा गेला,
आमच्या बादलीत वाकून बघितलं,
आणि न विचारता एक मरळ टाकून गेला.
मुनाफ म्हणाला, घरी सांगायचं आपणच धरला.

मग भाकरी सोडली. कडक भाकरी, शेंगाचटणी,
कांदा, कागदाच्या पुडीत मीठ.
हर्णैला आम्ही तिघेच गेलो होतो.
नरसय्याचा त्या आठवड्यात माग बिघडला होता.
म्हणून प्रत्येक खेपेला तो विचारायचा,
'समुद्र एवढाच असतो का बे?'
आणि मुनाफ प्रत्येक खेपेला,
'ह्याच्यात मीठ टाक, झाला समुद्र.'

आज त्यानं विचारलं नाही.
पुडी उलगडली, हात बाहेर काढला
आणि सगळं मीठ पाण्यात सोडलं,
सावकाश, बॉबिनवरून दोरा सुटावा तसं.
मग ओंजळ भरून चाखून बघितलं.
आम्ही थांबलो.
'नाही झाला,' म्हणाला.

संध्याकाळी काठावर काटक्या पेटवून मरळ भाजला.
पहिला घास मुनाफनं तोंडात घातला
आणि चावायचा थांबला.
अळणी.
कुणी काही म्हणायच्या आत सिद्राम उठला,
पालथ्या घातलेल्या होडीपाशी गेला,
सांध्यात नख घालून खरवडत राहिला बराच वेळ,
आणि मुठीत चिमूटभर पांढरं घेऊन आला.

'अबे, रंग असंल तो,' मुनाफ म्हणाला.

नरसय्यानं आपला तुकडा पुढं केला.
दाताखाली किरकिर झाली.
दोन्ही डोळे मिटून
तो हळू हळू चावत राहिला.