चांदणी

मिहानमध्ये रात्रीचे पावणेतीन.
बाहेर डांबराचा ताप अजून उतरलेला नाही.

तक्त्यात नियम आहेत:
नावात 'डीबी' असेल तर रहांगडालेंकडे,
'नेट'नं सुरू होत असेल तर
बुटीबोरीच्या पोरांकडे,
पैशांचं काही असलं तर पुण्याला,
वर फोनही करायचा.

नियम वरून खाली वाचत जातात.
जुळलं की थांबतात.

सगळ्यात खाली नुसती एक चांदणी,
म्हणजे काहीही.
तिच्यासमोर माझं नाव.

ज्याला कुणीच ओळखलं नाही
ते माझ्याकडे येतं.
आत्ता आलंय: 'टेस्ट_जुनं_नको'. लाल.
कुणीतरी कधीतरी लावून विसरलेलं,
सहा वर्षांत आज पहिल्यांदा बोललं.

रहांगडालेंना उठवत नाही.
कूलरमध्ये पाणी ओततो,
लॉग उघडतो,
हळूच विचारतो:
काय झालं बे तुले?