भारतातील संदर्भ

पहिल्या रेल्वे गेटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी तुझा फॉर्म भरतेय, लेवान.
इथे नऊ वाजलेत, म्हणजे कुटाइसीत साडेसात.
तू पाव कापत असशील,
सुरी छातीकडे ओढत, कापू नये तसा.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पाठीमागे पांढरं.
तुझ्या पाठीमागे तुमचा द्राक्षांचा मांडव आलाय.
बसूनं माऊस फिरवत एकेक पान पुसलं,
मग म्हणाला, "अक्का, कानाजवळ एक राहिलंय. असू दे काय?"

जन्मदाखल्यावर माझं गाव बेळगाव.
पासपोर्टवर बेलगाम, लगाम सुटल्यासारखं.
आधारवर बेळगावी.
तिन्ही गावांत मी एकाच शाळेला गेले,
एकाच गेटपाशी सायकलवर एक पाय टेकून थांबले,
खरं फॉर्मला खुलासा पाहिजे.
म्हणून शंभराच्या बाँडवर लिहून दिलं
की ही तिन्ही एकच आहेत.
नोटरी हिरेमठांनी चष्म्यावरून बघितलं.
"एवढं सोपं होतं होय," म्हणाले,
शिक्का मारला, पन्नास रुपये कमी घेतले.

पत्त्याचा पुरावा: लाईट बिल.
कन्नडात, बाबांच्या नावावर.
बाबा जाऊन सहा वर्षं झाली,
मीटर अजून त्यांच्याच नावानं फिरतं.
याच अक्षरांच्या सक्तीविरुद्ध
ते पंधरा दिवस हिंडलग्याला आत होते.
आतली चपाती जाड असायची, एवढंच सांगायचे.
आता त्याच अक्षरांत
परदेशी जावयाला जामीन राहताहेत.

आपला लग्नाचा दाखला आईनं उजेडाकडे धरला.
वाटोळी, वळत जाणारी तुमची अक्षरं.
"हे कन्नडच की गं," म्हणाली, "खरं वाचायला येईना झालंय."
शेजारच्या गंगव्वांना दाखवून आली.
त्यांनाही येईना.
दोघी फार खूश झाल्या.
तेव्हापासून तू लेवाण्णा.

पूर्वीचं नागरिकत्व?
तू जन्मलास तो देश आता नाही.
घर हललं नाही, चूल हलली नाही, देश तेवढा गेला.
हे मला कुणी समजावून सांगायला नको.
आमच्या गल्लीतही भिंत तीच असते,
सकाळी उठून बघावं तर पाटी दुसरी.

येण्याचं कारण?
खाली यादी उघडते: पर्यटन, व्यापार, उपचार, परिषद,
नातेवाइकांची भेट.
अकरा महिने झाले, लेवान.
बसू विचारतो, "भेट घालू काय?"
घाल.

मग तो रकाना: भारतातील संदर्भ. नाव, पत्ता, फोन.
तिथे मी.
बायको वर कुठेतरी एका ओळीत आहे,
इथे मी नुसता संदर्भ.
शाळेत असायचं, संदर्भासहित स्पष्टीकरण,
कोण, कोणाला, केव्हा म्हणाले.
मला पाचापैकी तीन पडायचे.

गेट पडलंय. मिरजेकडची गाडी जातेय,
दुकानाची काच हलते, पडद्यावरचा तूही थोडा हलतोस.
शेवटी एक चौकोन, त्यात बरोबरची खूण करायची:
वरील सर्व माहिती खरी आहे.

एक तुला सांगायचं राहिलं.
इकडं आम्ही 'पण' म्हणत नाही, 'खरं' म्हणतो.
येतो म्हणालास, खरं आला नाहीस.
जेवले, खरं भूक गेली नाही.
पुण्याची वहिनी हसते त्याला.

बसू माऊस धरून थांबलाय.
माहिती खरी आहे, लेवान,
खरं मांडव पुसलाय,
आणि कानाजवळचं ते एक पान
मी राहू दिलंय.