बिननावी

बारा वर्षं लोहाओळीत
सळया, चॅनेल, पत्रे मी बोटांनी विकले.
एफ आठ म्हणजे बिल, एफ सहा म्हणजे आलेले पैसे,
एस्केप म्हणजे मागच्या दारानं परत.
कानात यंत्रातली बाई वाचायची, इतकी भराभर
की शेठजींना वाटायचं
पत्र्यावर गारा पडून राहिल्या.

एप्रिलात भाच्यानं नवं सॉफ्टवेअर टाकलं.
"बघा ना सुलूताई, काय मस्त दिसून राहिलं!"
म्हणाला, आणि जीभ चावली.
मी टॅब दाबला.
बटण.
पुन्हा दाबला.
बटण.
बटण. बटण. चित्र. बटण.
सतरा वेळा.
मग बाई गप्प. कूलर तेवढा खडखडत होता.

दारात सतरा माणसं उभी,
नाव विचारलं तर सगळी म्हणतात, "माणूस."

माझं नाव सुलोचना.
बारशाला कुणाला ठाऊक नव्हतं.
तरी हाक मारली की मी वळते,
नावाचं काम तेवढंच.

पंधरा दिवस चिंटू मला पडदा वाचून दाखवायचा.
पगार माझा, डोळे त्याचे.
तो जेवायला गेला तेव्हा
अंदाजानं नववं बटण दाबलं.
त्यानं काहीतरी विचारलं, तेही बटण, बटण.
मी एक निवडलं,
आणि कामठीच्या गिऱ्हाइकाचं अख्खं खातं पुसलं गेलं.
शेठजी रागावले नाहीत.
रागावले असते तर बरं झालं असतं.

कंपनीला अकरा फोन.
"मॅडम, कोपऱ्यातल्या हिरव्या बटणावर क्लिक करा."
"हिरवं कसं वाजतं?"
तिकडून गाणं लावून दिलं.

बाराव्या फोनला आयटी पार्कातून
आश्लेषा ठवरे आली, तीन जिने चढून,
आधी पाणी मागितलं.
मी मॉनिटर बंद केला,
माझे इयरफोन तिच्या हातात दिले.
"आता एक बिल करून दाखव."
पाव तास फक्त टॅबची टकटक.
मग म्हणाली,
"ताई, हे आम्ही कधी ऐकलंच नव्हतं."
"हो. तुम्ही बघून राहिले होते ना."

सोमवारी अपडेट आलं.
बटण. बटण.
"बिल जतन करा, बटण."
मी थांबले. एक घर मागे गेले,
परत पुढे आले,
परत ऐकलं.

सोळा अजून बिननावी.
कामठीचं खातं जुन्या पावत्यांवरून
चिंटू वाचतो, मी भरते.
रोज सकाळी दहाला आश्लेषाला फोन लावते:
"आज कुणाचं बारसं?"
ती हसते.
मी फोन कानाला धरून थांबते.