काटा किती दाखवतो

डिपस्टिकच्या जागी बसतो हा गेज.
खाली तशीच सळई, तसेच आटे,
डोक्यावर मात्र मनगटी घड्याळाएवढी तबकडी,
साठपासून एकशेसाठपर्यंत.
केप टाउनहून पोस्टाने आला,
सोबत तांब्याचा एक वॉशर
आणि जर्मनमधला कागद,
जो बारेंडने आधी उलटा, मग सुलटा धरून वाचला.

बसवायच्या आधी मी तो उकळत्या पाण्यात धरला.
काटा अठ्ठ्याण्णववर थांबला.
"गेले पैसे," बारेंड म्हणाला.
मी म्हटलं, आपलं गाव समुद्रकाठी नाही,
इथं पाणी शंभराची वाट बघत नाही.
सत्तावीस वर्षं वॉर्डात पारा झटकलाय मी.
यंत्र खोटं बोलतंय की माणूस,
एवढं तर कळतं.

मोटरसायकल ब्याऐंशीची.
टाकीचा रंग दोन्ही बाजूंनी त्याच्या गुडघ्यांनी खाल्लेला.
इंजिनाचा ताप तो आजवर तळव्याने बघायचा,
लेकराचं कपाळ बघावं तसा.

पाटाच्या पाण्याची पाळी यायला वीस मिनिटं होती,
म्हणून शेजारचे ॲटी प्लाइकीस कुंपणावर रेलून
सूचना देत राहिले:
पाना लावू नका, हातानेच आवळा,
ॲल्युमिनियमचे आटे आहेत,
रागात फिरवलेले परत येत नाहीत.
जुन्या सळईशेजारी नवी ठेवली,
खुणा दोन मिलिमीटरनी चुकत होत्या.
जास्तीत जास्त, कमीत कमी,
दोन्ही रेघा कानशीने मी नव्याने ओढल्या.
मग पाणी आलं आणि ॲटी फावडं घेऊन पळाले.

गेज घेतला होता तो त्याच्यासाठी.
स्वार्टबर्गच्या घाटात, चौथ्या वळणावर,
जिथं भिंतीला चुना नाही, नुसता दगडावर दगड,
तिथं तो दरवेळी थांबायचा.
"तापलीय बिचारी. दम खाऊ दे तिला."
जुलैतसुद्धा. माथ्यावर बर्फ असतानासुद्धा.
मी मागच्या सीटवरून उतरून थर्मास उघडायचे,
रस्क चहात बुडवायचे,
खालच्या कड्यावर बबूनांची भांडणं चाललेली.
तो भिंतीला टेकून,
हेल्मेट पोटाशी धरून,
काही न बोलता.
मला वाटायचं, दरी बघतोय.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी एकटीच गेले,
मुद्दाम, भर उन्हात.
पहिला गिअर, जमलं तर दुसरा,
खडी, धूळ, पुन्हा पहिला.
काटा बघायला डाव्या घोट्याकडे वाकावं लागतं
आणि वाकलं की रस्ता सुटतो.
नव्वद.
अठ्ठ्याण्णव. म्हणजे आमच्या गावचं उकळतं पाणी.
चौथ्या वळणावर एकशेसहा.
थांबले नाही.
माथ्यावर एकशेअकरा.
एकशेतीसपर्यंत काळजी नको,
असं तो जर्मन कागद सांगतो.

इंजिन बंद केलं. वारा होता.
तिला काही झालं नव्हतं.
पाच वर्षांत कधीच काही झालं नव्हतं.
दम खाऊ दे.
कुणाला, हे मी विचारलं नाही,
मी, जी दारातून आत येणाऱ्या माणसाचे
ओठ बघून खाट तयार ठेवायची.

घरी आले तेव्हा तो ओट्यावर अंजिरं सोलत बसलेला.
"किती गेला?"
"एकशेचाळीस," मी म्हटलं.
"चौथ्या वळणावर थांबावंच लागलं."
"म्हटलं नव्हतं?"
खूश झाला. बोटं पँटला पुसली,
एका पायरीवर थांबत, मग दुसरी, खाली आला.
तबकडीकडे वाकला नाही.
सिलिंडरच्या वर, जरा अंतर ठेवून, तळवा धरला
आणि बराच वेळ तसाच धरून राहिला.
धातू निवताना टिकटिक करत होता.
मी त्याच्या नखांकडे बघत होते.

शुक्रवारी आउट्सहूर्नला जायचंय.
घाटातून नाही, लांबच्या रस्त्याने,
पिकअप मी चालवणार.
साडेनऊची वेळ मिळाली आहे.
त्याला सांगितलंय,
वॉशर आणायचा आहे.