उखर्डूची लेक, दुसरं वर्ष

वर्गात आम्ही सात जण होतो.
दिलवर पाडवी ऊसतोडीहून परतला नाही,
आता सहा.
पंखा एकच, तोही वळवी सरांच्या डोक्यावर,
आणि कपाटात प्लास्टरची एक कवटी,
तिला कुणी जुना विद्यार्थी माकडटोपी घालून गेलाय.

पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांची नाकं मोजली.
रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर.
रेहाना पिंजारीचं रुंद निघालं,
ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
सर म्हणाले, असं मोजून मोजून
माणसांनी माणसांचं काय केलं
ते कळावं म्हणून एकदाच मोजायचं.
मग कंपास कपाटात गेला, कवटीशेजारी.

नंदुरबारात माझी कॉलेजची वाट
मिरचीच्या पथाऱ्यांमधून जाते.
जानेवारीत नजर पोचेल तिथवर लाल.
मी ओढणी नाकाशी धरते,
आणि आई तिथंच बसलेली असते, देठ खुडत.
दिसली तरी हाक मारत नाही.
"हाई शिकीसन काय व्हई?" शेजारची मंगाबाई विचारते.
"मानसं शिकी ऱ्हायनी," आई सांगते,
जणू आजवर मी बकऱ्यांतच वाढले.

यंदाच्या पुस्तकात पान एकशे बारा,
तळाशी, बारीक अक्षरात:
ज्या घरात मुलं जगत नाहीत
तिथं नव्या जिवाला हलकं नाव देतात,
उकिरड्यावर ठेवून परत उचलतात,
शेजारणीला धान्यावर विकतात;
मृत्यूला वाटावं, इथं नेण्यासारखं काही नाही.

हजेरीत 'प्रणिता उखर्डू भोई' आलं
की मागच्या बाकावर हसू फुटायचं.
शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर मी
'उ.' लिहून टिंब देत आले.
आणि इथं माझा बाप,
छापलेला,
परीक्षेला चार मार्कांचा.

भट्टीवर जाऊन वाचून दाखवलं.
तो फुटाणे चाळत होता. चाळणी थांबली नाही.
"पावशेर दादरवर इकेल व्हतं माले," म्हणाला,
"कमळामायनी परत दिधाच नई.
मी अजून तिनाच शे."
खरंच, दर आखाजीला ती म्हातारी येते,
याच्या पाठीत धपाटा घालते,
आणि पुडीभर फुटाणे व्याज म्हणून नेते.

मग प्रात्यक्षिक आलं: नात्यांचा तक्ता.
पुरुष त्रिकोण, बाई वर्तुळ,
लग्न म्हणजे दोन आडव्या रेघा,
मेलेल्यावर एक तिरपी.
रात्री आई ताकात हात बुडवून बसली होती,
मी विचारत गेले, ती सांगत गेली,
काका, फुई, सुरतेला गेलेला मामा.
माझ्यापाशी येऊन थांबली.
"तुना आंगे आखो एक काढ," म्हणाली, "गोल."

अकरा दिवस.
नाव सुवर्णा, दवाखान्यातल्या नर्सने सुचवलेलं.
"भारी नाव ठेयं ना आम्ही..."
पुढे ताकाच्या भांड्यात फक्त हात हलले.

घरात मला केरी म्हणतात.
केरातली केरी.
प्रणिता तर पहिलीत बाईंनी घातली.
इतकी वर्षं मला वाटायचं
त्यांना मी नको होते.

वर्तुळ काढलं. रेघेसाठी पट्टी लावली.
आईने ओल्या हातानेच पेन्सिल धरली:
"तिना वर नको मारू."
नियम आहे, मी म्हटलं.
"नियमले काय माहीत?"

वही परत आली. दहापैकी सात.
सुवर्णापाशी लाल शाईत:
'चिन्ह अपूर्ण. जिवंत की मृत?
शनिवारपर्यंत दुरुस्त करावे.'

आज गुरुवार.
तिच्या ओल्या बोटांचा डाग
वर्तुळाच्या आत थोडा, बाहेर थोडा.
पान उघडलं की ठसका लागतो.